मेंडेल यांचा शोधनिबंध : हस्तलिखिताच्या सिद्धतेच्या अंगाने एक चिकित्सा

प्रास्ताविक

अनुवंशशास्त्राच्या नियतकालिकाकडे शोधनिबंध पाठविण्यापूर्वी करावयाची हस्तलिखिताची सिद्धता हा महाविद्यालयीन वर्तुळात बहुधा नियमपूर्तीचा विषय मानला जातो. शब्दमर्यादा, कोष्टकांचे स्वरूप, संदर्भ देण्याची पद्धत, जनुकांची चिन्हे तिरप्या ठशात छापण्याचा संकेत, आधारसामग्री कोठे उपलब्ध आहे याचे निवेदन, या साऱ्या गोष्टी संशोधन संपल्यावर उरकून टाकावयाच्या असतात, असा समज सर्रास आढळतो. या समजाची परीक्षा करावयाची तर याच शास्त्राचा आद्य निबंध तपासणे उपयुक्त ठरेल. ग्रेगोर मेंडेल यांनी ८ फेब्रुवारी व ८ मार्च १८६५ रोजी ब्रून, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनो, येथील निसर्गाभ्यासकांच्या संस्थेपुढे वनस्पतींच्या संकरांवरील आपला निबंध वाचला. १८६६ मध्ये तो त्या संस्थेच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला. त्यातील सिद्धान्ताचे विवेचन पाठ्यपुस्तकांत विपुल आहे. परंतु एक हस्तलिखित म्हणून त्याची सिद्धता कशी झाली होती, याचा विचार क्वचितच होतो. लेखकाचा निष्कर्ष खोडून काढण्याची साधने हस्तलिखित वाचकाच्या हाती देते की नाही, हीच त्याची खरी कसोटी होय, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

निबंधाची मांडणी

मेंडेल यांच्या निबंधाची रचना आजच्या परीक्षकालाही अपरिचित वाटणार नाही. प्रारंभी पूर्वसूरींच्या कार्याचा उल्लेख येतो आणि त्यात नेमके काय राहून गेले हे सांगितले जाते. संकरांच्या संततीत किती निरनिराळी रूपे निर्माण होतात, ती पिढीवार कशी विभागली जातात आणि त्यांचे परस्परांशी संख्यात्मक प्रमाण काय असते, हे कोणीही निश्चित केलेले नव्हते. निबंधाचा प्रश्न तेथेच ठरतो. त्यानंतर प्रयोगासाठी वनस्पती कोणत्या अटींवर निवडावी हे स्पष्ट केले आहे : तिच्यात टिकाऊ भेददर्शक लक्षणे असावीत, फुलोऱ्याच्या काळात परक्या परागांपासून संकरांचे रक्षण होत असावे अथवा ते सहज करता यावे, आणि संकरांच्या प्रजननक्षमतेत पुढील पिढ्यांतही लक्षणीय घट होऊ नये. वाटाण्याचे ३४ प्रकार मिळवून त्यांची दोन वर्षे चाचणी घेतली गेली आणि त्यांतील २२ प्रकार प्रयोगांसाठी ठेवले गेले. काही रोपे कुंड्यांत लावून फुलोऱ्याच्या काळात काचगृहात ठेवली होती. बागेतील मुख्य प्रयोगाशी ताडून पाहण्यासाठी ती नियंत्रण म्हणून उपयोगी पडली.

या क्रमाचा गुण असा की प्रत्येक पायरीवर शंका घेण्यास वाव राहतो. लक्षणे टिकाऊ नव्हती, पराग बाहेरून आले, निवडीतच पक्षपात झाला, असे आक्षेप परीक्षक घेऊ शकतो. आणि त्यांना उत्तर निबंधातच शोधता येते. पद्धतीचे प्रकरण म्हणजे केलेल्या कामांची जंत्री नव्हे. संभाव्य आक्षेपांना आगाऊ दिलेले उत्तर म्हणजे पद्धतीचे प्रकरण होय.

संख्यांचे सामर्थ्य

मेंडेल यांनी गुणोत्तर दिले ते मूळ संख्यांसह दिले, ही या निबंधातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. दुसऱ्या पिढीतील ७,३२४ बियांपैकी ५,४७४ गोल व १,८५० सुरकुतलेल्या होत्या. ८,०२३ बियांपैकी ६,०२२ पिवळ्या व २,००१ हिरव्या होत्या. ‘सुमारे तीनास एक’ एवढेच लिहिले असते तरी सिद्धान्त तोच राहिला असता. परंतु तो तपासण्याचा मार्ग बंद झाला असता.

याहूनही लक्षणीय आहेत त्या प्रतिकूल नोंदी. एका झाडावर ४३ गोल व केवळ २ सुरकुतलेल्या बिया मिळाल्या, तर दुसऱ्या एका झाडावर १४ गोल व १५ सुरकुतलेल्या बिया मिळाल्या, हे मेंडेल यांनी स्वतःहून नोंदविले आहे. एकेका झाडापुरते पाहिल्यास गुणोत्तर कोसळते आणि मोठ्या संख्येतच ते स्थिरावते, हे वाचकाला त्या दोन उदाहरणांतून कळते. दोन लक्षणांच्या प्रयोगात मिळालेल्या ५५६ बियांपैकी ३१५ गोल व पिवळ्या होत्या. त्या पेरल्यावर ११ बियांपासून रोपे आली नाहीत आणि ३ रोपांना बिया धरल्या नाहीत. उरलेल्या ३०१ रोपांचे वर्गीकरण पुढे दिले आहे. प्रयोगातून गळालेल्या नमुन्यांचा असा हिशेब आजच्याही कित्येक निबंधांत सापडत नाही. शेंगेच्या रंगासंबंधीच्या एका चाचणीत अपेक्षित २:१ ऐवजी ६०:४० असे प्रमाण आले, तेव्हा ती चाचणी पुन्हा करण्यात आली आणि ६५:३५ हे प्रमाण मिळाले. दोन्ही निकाल छापले आहेत; गैरसोयीचा पहिला निकाल गाळलेला नाही. घेवड्याच्या संकरांत फुलांच्या रंगाबाबत ३१ रोपांपैकी एकच पांढऱ्या फुलांचे निघाले, ही वाटाण्याच्या नियमाशी सकृद्दर्शनी न जुळणारी बाबही निबंधात आहे आणि तिचे संभाव्य स्पष्टीकरणही गृहीतक म्हणूनच मांडले आहे.

जेथे निबंध मूक आहे

असे असले तरी हा निबंध निर्दोष नाही. दहा हजारांहून अधिक रोपे काळजीपूर्वक तपासली असता परक्या परागांमुळे झालेल्या फलनाची अगदी थोडी उदाहरणे आढळली, असे मेंडेल लिहितात. ‘अगदी थोडी’ म्हणजे किती, हे मात्र लिहीत नाहीत. अन्यत्र एकेक बी मोजणाऱ्या लेखकाने येथे संख्या दिलेली नाही, ही उणीव डोळ्यांत भरते. वापरलेल्या २२ प्रकारांची प्रचलित नावेही निबंधात नाहीत. १९९० मध्ये सुरकुतलेल्या बीच्या लक्षणामागील जनुकाचा रेणवीय उलगडा झाला. पिष्टमय पदार्थाच्या रेणूला शाखा पाडणारे विकर ज्या जनुकामुळे तयार होते, त्यात डीएनएचा एक अतिरिक्त तुकडा घुसलेला आढळला. तथापि खुद्द मेंडेल यांच्या रोपांत हाच बदल होता, हे अनुमानानेच म्हणावे लागते. मूळ बियाणे उपलब्ध नाही आणि निबंधात त्याची ओळखही नाही. आजची नियतकालिके वाणाचा वा वंशाचा संग्रह-क्रमांक मागतात, त्यामागचे कारण येथे स्पष्ट होते.

निबंधाला सारांश नव्हता, कारण तशी प्रथा नव्हती. शीर्षकात संकरांचा उल्लेख होता, अनुवंशाचा नव्हता. प्रजननपेशींविषयीचा सर्वांत मूलगामी निष्कर्ष निबंधाच्या उत्तरार्धात येतो. १९०० मध्ये द व्हरीस, कॉरेन्स व चेरमाक यांच्या कार्यामुळे या निबंधाकडे लक्ष वेधले जाईपर्यंत तो जवळजवळ दुर्लक्षितच राहिला. या उपेक्षेचे खापर केवळ शीर्षकावर किंवा मांडणीवर फोडणे योग्य होणार नाही. त्या काळी पेशीविभाजनाचे ज्ञानही अपुरे होते. परंतु शीर्षक व सारांश हे वाचकापर्यंत पोहोचण्याचे मार्ग आहेत, अलंकार नव्हेत, एवढे या उदाहरणावरून निश्चित म्हणता येते.

फिशर यांचा आक्षेप आणि एका वाक्याचे मोल

१९३६ मध्ये रोनाल्ड फिशर यांनी मेंडेल यांच्या आकडेवारीची कठोर छाननी केली. त्यांच्या आक्षेपाचा एक भाग निबंधातील एकाच वाक्याशी निगडित आहे. प्रभावी लक्षण दाखविणारी रोपे शुद्ध आहेत की संकरित, हे ठरविण्यासाठी पाच लक्षणांच्या बाबतीत प्रत्येकी १०० रोपे निवडली गेली आणि प्रत्येक रोपाच्या १० बिया लावण्यात आल्या, असे मेंडेल सांगतात. संततीत एकही अप्रभावी रोप न दिसल्यास मूळ रोप शुद्ध मानले गेले. परंतु संकरित रोपाच्या दहाही संततींत अप्रभावी लक्षण न दिसण्याची संभाव्यता तीन-चतुर्थांशाचा दहावा घात, म्हणजे सुमारे ५.६ टक्के आहे. तेवढी संकरित रोपे चुकून शुद्ध गणली जाणार. पुनरावृत्त चाचणी धरून ६०० रोपांपैकी २०० नव्हे, तर सुमारे २२२ रोपे शुद्ध म्हणून नोंदली जाणे अपेक्षित होते. मेंडेल यांची संख्या आहे २०१.

हा एकच फरक योगायोगाने पडणे अशक्य नाही. परंतु फिशर यांनी सर्व प्रयोगांचा एकत्रित विचार केला आणि आकडे अपेक्षेशी इतके जवळून जुळण्याची संभाव्यता लाखात सुमारे सात एवढीच असल्याचे दाखविले. फिशर यांनी सिद्धान्ताविषयी शंका घेतली नाही. अपेक्षित उत्तर ठाऊक असलेल्या एखाद्या साहाय्यकाने आकडे जुळविले असावेत, अशी शक्यता त्यांनी सुचविली. त्यानंतर हा वाद दीर्घकाळ चालला आणि २००८ मध्ये तो मिटविण्याच्या उद्देशाने एक स्वतंत्र ग्रंथही प्रसिद्ध झाला. काही रोपांच्या बाबतीत दहाहून अधिक बिया लावल्या असतील, तर आक्षेपाचा हा भाग दुबळा होतो; दहांपैकी काही बिया उगवल्याच नसतील, तर तो अधिक बळावतो. प्रत्यक्षात किती रोपे तपासली गेली, हे सांगणारे एक वाक्य किंवा एक कोष्टक निबंधात असते तर हा प्रश्न तेथेच निकालात निघाला असता. प्रयोगांच्या मूळ नोंदवह्या आज उपलब्ध नाहीत. साहजिकच एका संशोधकाच्या सचोटीविषयीचा प्रश्न त्याच्या निबंधातील एका त्रोटक वाक्यावर लटकत राहिला.

मात्र या घटनेची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. फिशर यांना ही छाननी करता आली, कारण मेंडेल यांनी संख्या छापल्या होत्या. केवळ गुणोत्तरे देणाऱ्या लेखकावर असा आक्षेप कोणालाही घेता आला नसता. पण त्याच्यावर विश्वास ठेवण्यासही आधार राहिला नसता. जेथे संख्या आहेत तेथे मेंडेल यांचे म्हणणे तपासता येते, आणि जेथे त्या नाहीत तेथे संशय उरतो. हस्तलिखित सिद्ध करणाऱ्याने यातून घ्यावयाचा बोध उघड आहे.

आजची सिद्धता

आजच्या नियतकालिकांच्या सूचना या दृष्टीने वाचल्या असता त्यांचा अर्थ बदलतो. डीएनए-क्रम सार्वजनिक संग्रहात जमा करून त्याचा क्रमांक देणे, गळालेल्या नमुन्यांची संख्या व कारण सांगणे, वापरलेली सांख्यिकी कसोटी आणि नमुन्याचा आकार स्पष्ट करणे, या अटी म्हणजे मेंडेल यांच्या निबंधातील गुणांचे नियमात झालेले रूपांतर आणि त्यातील उणिवांवर काढलेला तोडगा आहे. जनुकांच्या नावांविषयीचा आग्रहही असाच समजून घ्यावा लागतो. मानवी जनुकाचे चिन्ह सर्व मोठ्या लिपीत आणि उंदराच्या जनुकाचे चिन्ह केवळ पहिले अक्षर मोठे ठेवून लिहितात. येथील चूक ही मुद्रणदोष न राहता सजीवाचीच अदलाबदल होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, जनुकांच्या याद्या एक्सेल धारिकांत जोडणाऱ्या निबंधांपैकी सुमारे एक-पंचमांश निबंधांत नावांच्या चुका आढळल्या. ‘मार्च १’ किंवा ‘सेप्ट २’ यांसारख्या चिन्हांचे संगणक-प्रणालीने तारखांत रूपांतर केले होते. २०२० मध्ये मानवी जनुकांच्या नामकरण समितीने अशी चिन्हेच बदलल्याचे जाहीर केले. जोडपत्र हेही हस्तलिखितच आहे आणि त्याचेही वाचन सहलेखकांनी करावयास हवे, हे यावरून लक्षात यावे.

भारतीय अध्यापकाला हा विषय परका नाही. बेटसन व पनेट यांनी १९१० मध्ये सुरू केलेले ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’ हे नियतकालिक जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९५७ मध्ये भारतात आणले आणि १९८५ पासून बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीने त्याचे पुनरुज्जीवन केले. मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्रकाशनांना गुणांक दिल्यानंतर निबंधांची मोजणी सुरू झाली आणि निबंधातील मोजणीकडे दुर्लक्ष होऊ लागले. विद्यार्थ्याच्या नोंदवहीतील मूळ आकडे न पाहताच टक्केवारीची कोष्टके स्वीकारणारा मार्गदर्शक परीक्षकाच्या पहिल्याच प्रश्नापुढे निरुत्तर होतो. म्हणून सिद्धतेचा आरंभ लेखनाच्या वेळी न होता पहिली बी पेरली जाते त्या दिवशी व्हावयास हवा : काय मोजावयाचे, काय वगळावयाचे, प्रत्येक नमुन्यामागे किती संतती तपासावयाची आणि ती किती पुरेशी आहे, हे तेव्हाच लिहून ठेवावे लागते. दहा बिया पुरेशा नाहीत हे प्रयोगापूर्वी एका गुणाकाराने कळते. प्रयोगानंतर ते कळून उपयोग नसतो.

समारोप

मेंडेल यांचा निबंध आदर्श म्हणून पूजण्यापेक्षा हस्तलिखित म्हणून तपासणे अधिक फलदायी ठरते. त्याचे सामर्थ्य प्रतिकूल नोंदी जपण्यात आहे आणि त्याची दुर्बलता मोजक्या ठिकाणी राहिलेल्या मौनात आहे. स्वतःचे म्हणणे चुकीचे ठरविता येईल इतकी सामग्री वाचकाला देणारा लेखक धोका पत्करतो. परंतु त्याचे म्हणणे टिकले तर ते त्या सामग्रीच्या बळावरच टिकते. नियतकालिकाकडे निबंध पाठविण्यापूर्वी सहलेखकांनी एकच प्रश्न स्वतःला विचारावा : हा निष्कर्ष खोटा असेल तर या पानांवरून तो कोणाला ओळखता येईल काय? उत्तर नकारार्थी असेल, तर सर्व नियमांची पूर्तता होऊनही ते हस्तलिखित अद्याप सिद्ध झालेले नाही, असेच म्हणावे लागेल.