परक्या गीताची निवड आणि बोलणाऱ्याचे लिंग

दुसऱ्याने गाऊन ठेवलेले गीत एखादा वृंद आपल्या कार्यक्रमासाठी निवडतो, तेव्हा त्या निवडीचा विचार सामान्यतः संगीताच्या अंगाने होतो. पट्टी गळ्याला मानवते की नाही, हाताशी असलेल्या वाद्यांवर ठेका उभा राहतो की नाही, श्रोत्यांना गीत ओळखीचे वाटेल की नाही, हे प्रश्न रास्तच आहेत. परंतु गीत हा उद्गारही असतो, आणि उद्गाराला बोलणारा असतो. निवड पुष्कळदा या बोलणाऱ्यापाशी येऊन अडते; ती किती अडावी, हे मात्र भाषेचे व्याकरण ठरविते.

लिव्हरपूलच्या बीटल्स वृंदाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १९६३ साली निघालेल्या त्यांच्या पहिल्या दोन दीर्घ ध्वनिमुद्रिकांत प्रत्येकी चौदा गीते असून त्यांपैकी सहा-सहा इतरांची आहेत. या बारांपैकी पाच गीते मुळात अमेरिकेतील गायिकावृंदांची होत. चार तरुण पुरुषांनी स्त्रियांची इतकी गीते निःशंकपणे उचलावीत, याचे श्रेय त्यांच्या धिटाईइतकेच इंग्रजी भाषेलाही दिले पाहिजे. त्या भाषेत प्रथम व द्वितीय पुरुषाचे सर्वनाम लिंग दाखवीत नाही, आणि क्रियापद तर कधीच दाखवीत नाही. बदल करावयाचा तो तृतीय पुरुषी सर्वनामात किंवा एखाद्या नामात. डोनेज या वृंदाच्या १९६२ च्या ‘डेव्हिल इन हिज हार्ट’ या गीतातील ‘हिज’च्या जागी ‘हर’ आले की शीर्षकासकट गीत पुरुषाचे झाले. दोन्ही शब्द एकाक्षरी. चालीला धक्का लागत नाही. प्रियजनाविषयी सावध करणारे सोबती आणि त्यांचे न ऐकणारे प्रेमिक, हा मूळचा संवाद जॉर्ज हॅरिसन व त्याचे दोन साथीदार यांच्यात जसाच्या तसा उतरतो. निवड म्हणून हे गीत सर्वांत नेटके म्हणावे लागेल.

‘बॉइज’ची गोष्ट वेगळी. शिरेल्स वृंदाच्या १९६० च्या तबकडीच्या मागल्या बाजूचे हे गीत रिंगो स्टार बीटल्समध्ये येण्यापूर्वीपासून गात असे. बीटल्सच्या पाठात कडव्यातील बोलणारा आपल्या प्रेयसीच्या चुंबनाविषयी सांगतो, तर पालुपद मात्र मुलग्यांचेच गुणगान करीत राहते. एकाच गीतात दोन वक्ते नांदू लागतात. ठेक्याच्या जोरावर ते खपून जाते, हे खरे. पण सांधा दिसतो तो दिसतोच. अर्धे बदलण्यापेक्षा मुळीच न बदलणे येथे अधिक शोभले असते.

मराठीत हा प्रश्न फार खोल जातो. ‘मी येते’ म्हणताच बोलणारी स्त्री ठरते आणि ‘तू आलास’ म्हणताच ऐकणारा पुरुष. गीत दुसऱ्या लिंगाच्या गायकाकडे सोपवावयाचे तर वक्ता व श्रोता दोघांचीही क्रियापदे फिरवावी लागतात. मात्रा बिघडत नाहीत, कारण ‘ते’ आणि ‘तो’ दोन्ही गुरू. परंतु मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येत असल्याने लिंगाचा प्रत्यय नेमका यमकाच्या जागी बसतो. ‘येते’चे यमक ‘जाते’शी असेल तर दोन्ही एकदम बदलून निभावते, ते ‘नाते’शी जुळविलेले असेल तर कडवेच मोडते. शिवाय ज्या स्वरावर गायक लांबण देतो तो ‘ए’ जाऊन ‘ओ’ येतो, आणि गळ्याचा रंग पालटतो.

म्हणूनच की काय, आपल्या परंपरेने हा बदल सहसा केलेला नाही. गवळण गाणारा कीर्तनकार गोपीचेच शब्द उच्चारतो, ठुमरी गाणारा बुवा नायिकेचे. १९१६ च्या ‘संगीत स्वयंवरा’त बालगंधर्व रुक्मिणीच्या वेषात गात होते; पुढे पुरुष गायकांनी तीच पदे वेषावाचून बैठकीत गायिली, पण नायिकेचे शब्द नायिकेचेच ठेवले. गायक आणि बोलणारे पात्र एक नव्हेत, हा संकेत श्रोत्यांच्या इतका अंगवळणी पडला आहे की त्याविषयी कोणी पृच्छाही करीत नाही. आजच्या मराठी वृंदांनी स्त्रीगीत घेऊन त्याचे लिंग फिरविण्याचा खटाटोप करणे, हे या संचिताकडे पाठ फिरविण्यासारखे आहे.

तथापि काही गीते मराठीतही बदलावाचून हिंडतात. सकर्मक भूतकाळात क्रियापद कर्माच्या लिंगाने चालते. ‘मी चांदणे पाहिले’ हे वाक्य कोणाचेही असू शकते. ‘मी येईन’, ‘तू येशील’ यांतही लिंग नाही. ‘मला आठवते’ यातही नाही. तेव्हा पाहिल्याऐकल्याच्या आठवणींचे गीत आणि पुढच्या भेटीचे वचन देणारे गीत या गळ्यातून त्या गळ्यात सहज जाते. वाट पाहण्याचे गीत तसे जात नाही: ते वर्तमानकाळात असते, आणि ‘पाहतो’ की ‘पाहते’ हे पहिल्या ओळीतच सांगावे लागते.