लांडग्यांचं अनेकवचन

आमच्या भाच्याने एक भाषा पाडली आहे. लोक कविता पाडतात, नाटकं पाडतात. भाषा पाडणारा आमच्या घराण्यात हा पहिलाच.

पोरगा आधी जर्मन शिकला, मग लॅटिनच्या नादी लागला. एका रविवारी त्याने ठरवलं, की लॅटिनकडचं आणि जर्मनकडचं अशा दोन्ही घराण्यांची आजी एकच असली पाहिजे. ती सापडेना, तेव्हा त्याने तिला स्वतःच जन्माला घातलं. मग नामांच्या विभक्त्यांचा तक्ता भरलेली दोनशेपानी वही माझ्यापुढे टाकून म्हणाला, "मामा, मोकळेपणाने टीका कर."

मला संस्कृतात कायम काठावरचे मार्क. 'रामः रामौ रामाः' घोकताना रामाला एकच रूप असतं तर वनवास आमचा तरी टळला असता, असं वाटे. पण टीकाकाराची मुख्य पात्रता, म्हणजे तसली वस्तू स्वतः कधी केलेली नसणं, माझ्याकडे भरपूर आहे. आठ दिवस ग्रंथालयात बसलो आणि कामाला लागलो.

एकवचनात मुलगा बरा आहे. लॅटिन 'लुपुस', गॉथिक 'वुल्फ्स', आपला 'वृकः', तिन्ही लांडगेच. (जर्मन घराण्यातली ही गॉथिक आपल्याला मुख्यतः चौथ्या शतकातल्या बायबलच्या भाषांतरामुळे माहीत आहे. भाषांतर करणाऱ्या बिशपचं नाव वुल्फिला, म्हणजे लांडग्याचं पिल्लू! त्याची जांभळ्या चर्मपत्रावर रुपेरी अक्षरांत लिहिलेली प्रत स्वीडनमध्ये उप्सालाला आहे. आमच्या वह्यांना शाईसुद्धा घरची असे.)

अनेकवचनात मात्र घोटाळा आहे. लॅटिनात 'लुपोस' म्हणजे लांडग्यांना, द्वितीया. गॉथिकात 'वुल्फोस' म्हणजे लांडगे, प्रथमा. दोन्हींच्या शेवटी 'ओस' ऐकून भाच्याला हर्ष झाला आणि त्याने तो प्रत्यय प्रथमेलाही लावला, द्वितीयेलाही. लॅटिनची प्रथमा 'लुपी' आणि गॉथिकची द्वितीया 'वुल्फान्स' एकमेकींशी जुळेनात, म्हणून दोघींना बाद केलं. परिणाम असा, की या भाषेत लांडग्यांनी मेंढ्या खाल्ल्या की मेंढ्यांनी लांडगे, हे विभक्तीवरून समजत नाही. मेंढ्यांना ही भाषा फार आवडेल.

माझा आक्षेप इथेच आहे. जुळलं ते खरं आणि न जुळलं ते खोटं, हा न्याय लग्नाच्या पत्रिकेला ठीक. भाषेत न जुळणारी रूपंच जास्त बोलतात. 'लुपी'मधला 'ई' सर्वनामांकडून उसना घेतलेला आहे, संस्कृतातल्या 'ते'चा तो भाऊबंद. मग लॅटिनकडची जुनी प्रथमा कुठे गेली? ती शेजारी, ऑस्कन नावाच्या बोलीत सापडते. नोला आणि आबेल्ला या इटलीतल्या दोन गावांनी हेराक्लेसच्या देवळावरून केलेला करार दगडावर कोरलेला आहे. त्यात नोलाकर मंडळींना 'नोव्लानोस' म्हटलंय. तिथे 'ओस' प्रथमेलाच लागलाय! भाच्याने मोठ्या घरची लॅटिन तेवढी विचारात घेतली आणि शेजारणीला विचारलंच नाही.

आणि बाद केलेली 'वुल्फान्स'? तिचा 'न्स' हाच द्वितीयेचा जुना प्रत्यय. 'लुपोस'मध्येही तो होता. तिथला 'न' गळला आणि 'ओ' लांबला. संस्कृतात 'वृकान्' होताना 'स' गेला. पण पुढे 'च' आला की काय होतं? वृकांश्च! शाळेत या 'श'वरून मी छड्या खाल्ल्या. तो कुठून उपटतो हे गुरुजींनी कधी सांगितलं नाही. हजारो वर्षांपूर्वी गेलेला 'स' दाराआड उभा असतो आणि 'च'ची चाहूल लागताच डोकावतो. हे वाचलं तेव्हा ग्रंथालयात मी मोठ्यांदा "अरेच्चा!" म्हणालो आणि ग्रंथपालबाईंनी काचेवर पेन आपटलं.

चतुर्थीच्या अनेकवचनाबद्दल थोडक्यात. लॅटिन म्हणते 'होस्टिबुस', आपलं 'कविभ्यः' त्याच वळणाचं. गॉथिक म्हणते 'गास्टिम'. एकीकडे 'भ'ची परंपरा, दुसरीकडे 'म'. या भांडणाचा निकाल पंडितांतही एकमताने लागलेला नाही. भाच्याने 'म्भोस' असा प्रत्यय करून समेट घडवला. समेट चांगला, पण बोलताना तोंडात गुलाबजाम असल्यासारखं वाटतं.

आजी घडवण्यात गैर काही नाही. आउगुस्ट श्लायखर या जर्मन पंडिताने 1868 साली आदिम भाषेत मेंढीची आणि घोड्यांची गोष्टच लिहिली. ती आजी जवळजवळ संस्कृतच बोलते, त्यामुळे आपल्याला ती फार गोड वाटते. पुढच्या दहा-बारा वर्षांतच कळलं, की संस्कृतातल्या एका 'अ'च्या पोटात जुने 'अ', 'ए' आणि 'ओ' असे तिघे आहेत. 1939 मध्ये हिर्टने गोष्ट पुन्हा लिहिली, नंतर आणखी काहींनी. मेंढी तीच, घोडे तेच, विभक्त्या दर पिढीला नव्या. पण ही मंडळी अशा न सापडलेल्या रूपांपुढे एक तारका काढतात. म्हणजे बाबांनो, हे कोणी लिहिलेलं नाही, आम्ही अंदाजाने मांडलंय. भाच्याच्या दोनशे पानांत एकही तारका नव्हती. हे मात्र मी त्याला जरा कडक शब्दांत सांगितलं.

दोन दिवस तो बोलला नाही. "पोराचं मन मोडलंस," असं बहिणीने फोनवर सुनावलं. तिसऱ्या दिवशी स्वारी नवी वही घेऊन आली. प्रथमा 'ओस', द्वितीया 'ओन्स', आणि पान आभाळासारखं तारकांनी भरलेलं. 'म्भोस' तेवढा हट्टाने ठेवला होता, पण तारका दोन.

शेवटचा शब्द होता 'घोस्टिस'. त्याचा लॅटिनात 'होस्टिस' होऊन अर्थ झाला शत्रू. जर्मनमध्ये 'गास्ट' होऊन अर्थ झाला पाहुणा. मुळात दोन्ही अर्थी परका माणूस. अर्थाचा रकाना त्याने पेन्सिलीने भरला होता. मी चष्मा वर करून पाहिलं, तर तिथे लिहिलं होतं, 'मामा'.