‘टॅकल करणे’ : एका क्रियापदाची परीक्षा

हल्ली सुशिक्षितांच्या बोलण्यात, आणि त्याहून अधिक लिहिण्यात, ‘टॅकल करणे’ हे क्रियापद फारच सर्वसंचारी झाले आहे. हट्टी मूल, तुंबलेले गटार, थकलेले कर्ज आणि कादंबरीतील विधवेचे दुःख या सर्वांची वासलात या एकाच शब्दाने लागते. शब्द परका आहे म्हणून आम्ही नाक मुरडतो असे मात्र वाचकांनी समजू नये. टेबल आणि स्टेशन आले, घरचे होऊन राहिले. कोणाचे काही बिघडले नाही. आमचा आक्षेप निराळा आहे.

शब्दाचे कूळ पाहण्यासारखे आहे. उत्तर जर्मनी व हॉलंडकडील दर्यावर्दी लोकांच्या ‘टाकेल’पासून तो इंग्रजीत आला. जहाजाचे दोरखंड, कप्प्या, शिडांचा सरंजाम हा त्याचा मूळ अर्थ. १६११ च्या इंग्रजी बायबलात वादळात सापडलेले खलाशी जहाजाचे जे सामान समुद्रात फेकून देतात त्यास ‘टॅकलिंग’ असेच म्हटले आहे. पुढे घोड्यास सरंजाम चढविणे, मग एखाद्यास अंगाशी भिडून धरणे, आणि शेवटी मैदानावर प्रतिपक्षाच्या खेळाडूस अडविणे असा अर्थ पालटत गेला. या साऱ्या प्रवासात एक गोष्ट ध्यानी धरावी : शब्द प्रयत्नाचा आहे, फळाचा नाही. धरले एवढेच तो सांगतो. धरलेले हाती राहिले की निसटले, याविषयी तो मुका आहे.

आमच्या कबड्डीत हा मुकेपणा चालत नाही. तेथे ‘पकड’ म्हणतात; आणि पकड एक तर बसते, नाही तर सुटते. सुटली तर नुसती फजितीच होत नाही. चढाई करणारा दम न सोडता मध्यरेषेस पोहोचला, तर त्यास ज्यांनी ज्यांनी हात लावला ते सगळे बाद होतात! २०१४ साली व्यावसायिक लीग सुरू झाल्यापासून ‘टॅकल’ व ‘सुपर टॅकल’ घरोघर ऐकू येऊ लागले खरे; पण मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना केलेल्या पकडीस ‘अव्वल पकड’ हे सुरेख नाव मराठी वार्ताहर आजही देतात. मैदानावर ‘टॅकल’ म्हटले तरी आमची तक्रार नाही, कारण तेथे पंच उभा असतो आणि गुणफलक लागलीच बोलतो.

पंच नसतो तो छापील मजकुरात. ‘गावाचा पाणीप्रश्न टॅकल करण्यात आला’ असे वाचल्यावर काय समजावे? विहीर खणली, टँकर धाडला, की सभा भरवून चहा घेतला? तिन्ही गोष्टींस वाक्य सारखेच शोभते, आणि लिहिणाऱ्यास हवी असते ती नेमकी हीच सोय. मराठीत ‘सोडविला’ म्हणावे तर उद्या कोणी रिकामी घागर पुढे करील. ‘तात्पुरता भागविला’ म्हणावे तर कबुली दिल्यासारखे होते. ‘टॅकल’ने दोन्ही संकटे टळतात.

ग्रंथपरीक्षणांत तर हा शब्द निव्वळ आळसाचे पांघरूण झाला आहे. ‘लेखिकेने परित्यक्तेचा प्रश्न समर्थपणे टॅकल केला आहे’ हे वाक्य पुस्तक न उघडताही लिहिता येते. तिने त्या प्रश्नास हात घातला, की तो पेलला? त्याच्या मुळाशी गेली, की काठाकाठाने फिरली? की नायिकेस अखेरच्या प्रकरणात नोकरी मिळवून देऊन तो गुंडाळला? यांतील प्रत्येक क्रियापद निवडण्यापूर्वी परीक्षकास निदान ते अखेरचे प्रकरण वाचावे लागेल. ‘हाताळणे’ हा देशी पर्याय काहीजण सुचवितात; परंतु तोही आता तितकाच गुळगुळीत झाला आहे, आणि बाजारात फळे नुसती हाताळून पुढे जाणाऱ्या गिऱ्हाइकाकडे विक्रेता कोणत्या नजरेने पाहतो हे सर्वांस ठाऊक आहे.