जटा, जट आणि वस्तरा

शंकराच्या मस्तकावर असते ती जटा आणि गावातल्या एखाद्या मुलीच्या डोक्यात दिसते ती जट. दोन शब्दांत अंतर एका कान्याचे आहे. परंतु आमच्या समाजाने आणि त्यामागोमाग आमच्या साहित्याने ह्या कान्याला फार मोठे वजन दिले आहे. जटा हे वैराग्याचे भूषण ठरले. जट मात्र देवीची मागणी ठरली आणि जिच्या डोक्यात ती आली तिचे आयुष्यच त्या मागणीपोटी वाहून टाकण्यात आले. केसांचा गुंता तोच, अर्थ मात्र धारण करणाऱ्यावरून ठरतो. मराठी कादंबरीने ह्या विषयाचा विचार कसा केला आणि कोठे तो अपुरा सोडला, हे येथे पाहावयाचे आहे.

धार-देवासच्या मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. पवारांच्या मागोमाग माळव्यात आलेल्या घराण्यांनी आपले कुळाचार बरोबर आणले. देवासच्या टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा अशी देवीची दोन ठाणी आहेत. जवळच उज्जयिनीला बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो. २०१६ च्या सिंहस्थात जटाधारी साधूंच्या दर्शनासाठी लोटलेल्या गर्दीत मराठी कुटुंबेही होती. त्याच भाविकांपैकी एखाद्याच्या घरी मुलीच्या केसांत गुंता झाला, तर घरातील वडीलधारी माणसे फणी शोधतील की अंगारा, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवतो.

केसांवरील सत्तेचा प्रश्न मराठी कादंबरीत प्रथम आला तो वस्तऱ्याच्या रूपाने. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० नंतर ‘करमणूक’ पत्रात क्रमशः प्रसिद्ध झाली. त्याच सुमारास, म्हणजे १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या प्रेरणेने मुंबईत न्हाव्यांनी सभा भरवून विधवांच्या डोक्यावर वस्तरा न चालविण्याचा निश्चय केला. सुधारकांचा लेख, कारागिराचा नकार आणि कादंबरीकाराची कथा अशा तिन्ही वाटा एका काळात एकत्र आल्या. हरिभाऊंचे मोठेपण असे की, त्यांनी वपनाविरुद्ध व्याख्यान दिले नाही; यमूला स्वतःच बोलू दिले. ‘सकेशा’ आणि ‘विकेशा’ ह्या शास्त्रार्थातील कोरड्या शब्दांमागे एक जिवंत डोके आहे, हे वाचकाला त्यामुळे प्रथम उमगले.

जटेचा प्रश्न ह्याच्या नेमका उलट दिसतो. तेथे केस काढण्याची सक्ती, येथे केसांना हात न लावण्याची सक्ती. राजन गवस ह्यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ ह्या कादंबऱ्यांनी यल्लम्माच्या जोगतिणी-जोगत्यांचे जग नागर वाचकापुढे त्यांच्याच बोलीत उभे केले. ह्या दोन कादंबऱ्या आणि चारुता सागर ह्यांची ‘दर्शन’ ही कथा ह्यांच्या आधारे २००९ मध्ये ‘जोगवा’ हा चित्रपट आला. त्यात सुलीच्या केसांत जट दिसते आणि तेवढ्यावरून तिचे माणूसपण देवीच्या नावे होते. हे साहित्य मराठीत आले नसते, तर आमची करुणा मध्यमवर्गाच्या माजघरातच फिरत राहिली असती. हे ऋण मान्य करूनच पुढील तक्रार करावयाची आहे, आणि ती कादंबरीकारापेक्षा टीकाकारांविषयी अधिक आहे.

आमची टीका जटेला ‘प्रतीक’ म्हणून मोकळी होते. शोषणाचे प्रतीक, रूढीचे प्रतीक! परंतु जट ही आधी एक वस्तू आहे. केस धुतले गेले नाहीत, तेल-फणी झाली नाही, त्यात घाम, मळ आणि भंडारा साचला की केस एकमेकांत अडकतात. पहिल्या आठवड्यात तेल लावून, टोकाकडून मुळाकडे हळूहळू फणी चालविली तर गुंता सुटतो. भीती आडवी येते ती तेथे. फणी लावली तर देवी कोपेल, ह्या भयाने गुंता वाढतो. वाढला म्हणून देवीचा ठरतो. पुढे त्याचे ओझे मानेवर येते, त्यात उवा होतात, झोप नीट लागत नाही. प्रतीकाची मान दुखत नाही, बाईची दुखते. प्रतीकाच्या नादात ही मान ज्या टीकेला दिसेनाशी होते, ती टीका पुरी म्हणता येणार नाही.

ह्या संदर्भात परभाषेतील एक उदाहरण उपयोगी पडेल. चिमामांडा न्गोझी अदिची ह्या नायजेरियन लेखिकेची ‘अमेरिकाना’ (२०१३) ही कादंबरी सुरू होते तीच मुळी नायिका इफेमेलू वेण्या घालून घेण्यासाठी दुसऱ्या गावी निघते तेथून. आफ्रिकी वंशाचे केस घट्ट वळणाचे असतात. टाळूचे तेल त्या वळणांवरून टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून ते कोरडे पडून तुटतात आणि त्यांना वेगळी निगा लागते. नोकरीच्या मुलाखतीसाठी इफेमेलू रसायनाने केस सरळ करून घेते, तेव्हा टाळू भाजते आणि पुढे केस गळू लागतात. गोऱ्या समाजाचा न्याय येथे एका बाईच्या टाळूवर प्रत्यक्ष दिसतो. १९७२ मध्ये दलित पँथर स्थापन झाली, तेव्हापासून कृष्णवर्णीयांच्या साहित्याशी मराठीचे नाते आहे. आम्ही त्यांचा विद्रोह घेतला. त्यांची फणी मात्र घ्यावयाची राहिली.

त्याच समाजात अनेक स्त्रीपुरुष आपखुशीने केसांच्या जटा वाढवितात, त्या नियमित धुतात, पूर्ण वाळवितात, मुळाशी नव्याने वळतात आणि नकोशा झाल्या की कापतात. म्हणजे दोष जटेत नाही. ती कोणाची, हा खरा प्रश्न. कॅलिफोर्नियाने २०१९ साली शाळेत व नोकरीत अशा केसांवरून भेदभाव करण्यास कायद्याने मनाई केली, ती ह्याच न्यायाने.

महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन जट काढून देतात. त्यांच्या कामातील आम्हांस सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो कात्रीच्या आधीचा: त्या बाईशी बोलणे, घरच्यांची समजूत घालणे, तिची संमती मिळविणे. संमतीवाचून चाललेली कात्री आणि यमूच्या डोक्यावरचा वस्तरा ह्यांत, हेतू कितीही भिन्न असोत, त्या डोक्याच्या दृष्टीने फारसा फरक उरत नाही. मराठी कादंबरीत हा संमतीचा क्षण, म्हणजे ‘कापा’ म्हणण्यापूर्वी बाईच्या मनात चालणारी घालमेल, विस्ताराने यावयास हवा. हरिभाऊंनी यमूला जो प्रथमपुरुषी आवाज दिला, तो जट असलेल्या स्त्रीलाही मिळाला पाहिजे.

आम्ही शाळेत मुलींच्या दोन वेण्यांचा नियम पाळतो, आणि तो घालताना सरळ केसच डोळ्यांपुढे असतात, हेही ध्यानात घ्यावे. कुरळ्या केसांच्या मुलीची रोज सकाळी होणारी ओढाताण हा साहित्याचा विषय नाही असे समजणाऱ्यांनी हरिभाऊंची कादंबरी पुन्हा एकदा वाचावी.