‘श्यामची आई’तील स्नान : मतपरिवर्तनाची एक पायरी

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ या ग्रंथातील एका प्रसंगाकडे समीक्षकांचे लक्ष जावयास हवे तितके गेलेले नाही. अस्पृश्य मानल्या गेलेल्या एका वृद्ध स्त्रीस आपली मोळी डोक्यावर घेता येत नाही. आई श्यामला तिच्या साहाय्यास पाठविते. मात्र परत आल्यावर स्नान करावे, असेही सांगते.

आजच्या वाचकास हे स्नान खटकते. तथापि प्रसंगाचे मर्म नेमके त्यातच आहे. आई शास्त्रार्थ करीत नाही व रूढीस आव्हानही देत नाही. रूढीचे देणे ती स्नानाने चुकते करते आणि रूढीने अडविलेली कृती मात्र घडवून आणते. विटाळाची कल्पना मनातून जाण्यापूर्वीच मुलाचा हात पुढे झालेला असतो. मत आधी बदलते व आचार मागाहून, हा सर्वसाधारण समज येथे उलटा ठरतो. दुराग्रही मन युक्तिवादाने बहुधा अधिकच घट्ट होते. त्याची प्रतिष्ठा राखून त्याच्याकडून एक लहानशी कृती करवून घेतल्यास ते नकळत सैल होते, हे गुरुजींनी अचूक हेरले आहे.

परंतु या सावकाशीचे मोल कोण देतो? मोळी उचलली गेली, तरी आपल्या स्पर्शानंतर मुलास स्नान करावे लागते, हा अपमान वृद्धेच्या वाट्यास उरतोच. कथा आईचे व श्यामचे मन उलगडते. वृद्धेच्या मनात ती शिरत नाही. ही या कलाकृतीची मर्यादा होय.

स्वतः गुरुजी या पायरीवर थांबले नाहीत. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून त्यांनी महाराष्ट्रभर दौरा करून लोकमत जागविले आणि १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले. तरीही त्यांचे आवाहन दार उघडणाऱ्यालाच होते.

दाराबाहेर उभ्या असलेल्यांचे उत्तर नागपुरात मिळाले. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली सुरू झाला. १९३५ साली येवल्यास डॉ. आंबेडकरांनी धर्मत्यागाची घोषणा केली. त्यानंतरही एकवीस वर्षे लोटली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. सवर्णांचे मन केव्हा पालटेल, या प्रश्नावर आपले माणूसपण अवलंबून ठेवण्यास त्यांनी दिलेला हा नकार होता.

म्हणून या प्रसंगाचे मूल्यमापन दुहेरी असावयास हवे. पूर्वग्रहाने ग्रासलेल्या मनाशी कसे वागावे, याचा तो उत्तम पाठ आहे. ज्याच्यावर त्या पूर्वग्रहाचा भार पडतो त्याने किती वाट पाहावी, याविषयी मात्र तो काहीच सांगत नाही. हा पाठ वर्गात शिकविताना आईच्या वत्सलतेबरोबरच मोळी घेऊन निघून गेलेल्या वृद्धेचाही विचार विद्यार्थ्यांपुढे मांडला जाणे अगत्याचे आहे.