घरचा नाद आणि तंजावरचे मराठी वाङ्मय

परमुलखातील गजबजलेल्या नगरात घरच्या दृश्यांच्या आधी घरचे आवाज आठवतात. डोळे नव्या रस्त्यांना लवकर सरावतात. कान मात्र पुष्कळ काळ हट्ट धरून राहतो. वर्ड्‌स्वर्थच्या ‘द रेव्हरी ऑफ पुअर सुझन’ या छोट्या कवितेत लंडनच्या रस्त्यावर ऐकू आलेले एका पक्ष्याचे गाणे सुझनपुढे तिचा गावाकडचा डोंगर, ओढा आणि झोपडी उभी करते. क्षणात ते सारे विरून जाते. स्मरण आणि स्मरणाचा भंग, एवढाच या अनुभवाचा आकार. तंजावरच्या मराठी वाङ्मयालाही हाच आकार लावण्याचा मोह सहज होतो. कावेरीच्या काठी, तमिळ आणि तेलुगू वाणीच्या गजरात, स्वदेशाला मुकलेल्या मराठी मनाने काढलेले करुण उद्गार म्हणून ते वाचले जाते. हे वाचन हृद्य असले तरी ते यथार्थ आहे काय, हा प्रश्न उरतो.

इतिहासच त्याच्या आड येतो. १६७६ च्या सुमारास तंजावर हस्तगत करणारा एकोजी महाराष्ट्रातून थेट तेथे गेला नव्हता. त्याचे आयुष्य आधीच कर्नाटकात रुजले होते. १६८४ मध्ये गादीवर आलेल्या शहाजीराजाची जडणघडण तर कावेरीकाठीच झाली. नायक राजांनी मागे ठेवलेला राजवाडा, त्यातील तेलुगू नाट्यपरंपरा, बृहदीश्वराच्या मंदिरातील नागस्वर आणि तविल, हेच त्याच्या कानाचे घर होते. ज्याने देश सोडलाच नाही, त्याला त्या देशाची आठवण कशी यावी? येथे मराठी नाद स्मृतीतून आलेला नाही. तो वारशाने आलेला आहे, आणि वारसा जपावा लागतो, वापरावा लागतो.

‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे शहाजीच्या नावावरील मराठी नाटक या दृष्टीने वाचले पाहिजे. त्याची चर्चा बहुधा एकाच वादात अडकते: पहिले मराठी नाटक ते, की विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीस सादर केलेले ‘सीतास्वयंवर’? कालक्रमाचा हा वाद निरर्थक नाही. पण त्यात नाटकाचा आवाज ऐकू येईनासा होतो. यक्षगानाच्या साच्यातील दरू, त्यांना दिलेले दाक्षिणात्य राग आणि ताल, आणि त्यांत बसविलेले मराठी शब्द, ही या रचनेची खरी नवलाई आहे. मराठी येथे परक्या सुरात गाते आणि तरीही मराठीच राहते. शहाजीच्याच ‘पंचभाषाविलास’ नाटकात तर संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा एकाच रंगभूमीवर येतात. नगरात जो केवळ कोलाहल ठरला असता, त्याला नाटककाराने संवादाची रचना दिली. मराठीला त्यात एकटीचे सिंहासन नाही. पाचांतील एक आसन आहे. विरहाच्या भावनेने लिहिणाऱ्याला ही समता साधली नसती.

मग उणिवेची भावना या वाङ्मयात मुळीच नाही काय? आहे, परंतु ती विषयात शोधून सापडत नाही. ती छंदांना धरून राहण्यात दिसते. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातील कीर्तनकारांचे कीर्तन तंजावरच्या श्रोत्यांनी ऐकले. त्या धाटणीला कर्नाटक संगीताची जोड देऊन तंजावर कृष्ण भागवतरांनी हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग हे बंध तमिळ कथेकऱ्यांच्या निरूपणातही रुळले. १८५५ मध्ये राज्य इंग्रजांनी खालसा केले. दरबार उठला, पण दिंडीची चाल उठली नाही. ती ज्यांच्या तोंडी गेली त्यांतील अनेकांना मराठी येत नव्हते. घरचा नाद परक्याच्या घरी नांदू लागला, याला हानी म्हणावे की लाभ?

याचे उत्तर एकाच बाजूने देता येत नाही. बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीने १८०३ मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी लेख आजही उभा आहे; राजवाड्याच्या परिसरातील सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रे जतन झाली आहेत. पण दगड आणि कागद अक्षर सांभाळतात. नाद सांभाळायला कंठ लागतो. छंद टिकला तेथे भाषा निसटली, आणि भाषा टिकली तेथे अनेकदा ती मुकी झाली. तंजावरच्या मराठी वाङ्मयाची खरी व्यथा ही आहे, आणि ती देशत्यागाच्या व्यथेहून अधिक गंभीर आहे.

सुझनचा पक्षी गाऊन थांबतो आणि तिचे गाव लोपते. तंजावरच्या कवींनी पक्ष्याची वाट पाहिली नाही. भोवतालच्या सुरांतच त्यांनी आपला आवाज मिसळला. या वाङ्मयाला प्रवासी मुलखातील एक अवशेष म्हणून मराठी समीक्षेने तळटीपेत ठेवू नये. बहुभाषी नगरात भाषा कशी जगते, याचा सुमारे पावणेदोनशे वर्षांचा एक प्रयोग म्हणून त्याचे परीक्षण झाले पाहिजे. त्यासाठी हस्तलिखिते वाचणाऱ्याच्या शेजारी दरू गाऊ शकणारा बसला पाहिजे. एरवी अभ्यासकाला ग्रंथ मिळेल, पण ग्रंथातला आवाज मिळणार नाही.