लागू, श्रीराम
(१६ नोव्हेंबर १९२७–१७ डिसेंबर २०१९). मराठी रंगभूमी, चित्रपट व दूरचित्रवाणी यांवरील श्रेष्ठ अभिनेते. जन्म सातारा येथे. कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक म्हणून काही वर्षे व्यवसाय केल्यावर १९६९ मध्ये ते पूर्णवेळ नट झाले. त्यांच्या नाट्यकीर्तीत नासिकच्या दोन नाटककारांचा वाटा मोठा आहे : इथे ओशाळला मृत्यू व हिमालयाची सावली लिहिणारे वसंत कानेटकर आणि वि. वा. शिरवाडकर. शिरवाडकरांच्या नटसम्राट (१९७०) मधील गणपतराव बेलवलकर ही त्यांची सर्वांत गाजलेली भूमिका. या नाटकातील स्वगते भाषावैभवामुळे पठणाकडे सहज झुकतात. लागूंनी ती विचार करीत बोलणाऱ्या माणसाची केली. शब्द मनात घडत असतानाच ऐकू येतो आहे, असे त्यांच्या विरामांमुळे वाटे. क्वचित हा विचार भावनेवर मात करी व जुन्या रंगभूमीचा थाट उणा पडे, हेही खरे.

पिंजरा (१९७२) मधील मास्तरात रंगमंचाचे वजन जाणवते. जब्बार पटेल यांच्या सामना या चित्रपटातील व्यसनी मास्तर मात्र सर्वस्वी चित्रपटाचा आहे. निळू फुले यांच्या हिंदुरावापुढे तो एकच प्रश्न विचारीत राहतो आणि दर वेळी त्या प्रश्नाचा जाच वाढतो. हिंदी व्यावसायिक चित्रपटांनी त्यांना बहुधा वडील, न्यायाधीश अशा साच्यांतच ठेवले. घरौंदा (१९७७) हा त्याला ठळक अपवाद. त्यासाठी त्यांना फिल्मफेअर पारितोषिक लाभले. गांधी (१९८२) मध्ये त्यांनी गोखल्यांची छोटी भूमिका केली. दूरदर्शनवरील खानदान (१९८५) या मालिकेतही ते होते. लमाण हे त्यांचे आत्मचरित्र. पद्मश्री (१९७४). पुणे येथे त्यांचे निधन झाले.